वहिनींच्या कॉम्प्युटरमधलं ग्रीस

माझ्या वहिनींच्या कॉम्प्युटरमध्ये मी कारखान्यातलं बेअरिंगचं ग्रीस भरलं, आणि तो तापून बंद पडायला लागल्यावर दोष त्यांच्या झेंडूच्या फुलांना दिला. दोन्ही गोष्टी करताना मला खरं काय ते माहीत नव्हतं. पुढे माहीत झालं, आणि तरी मी गप्प बसलो. हे लिहितो आहे ते त्या गप्प बसण्याबद्दल.

आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहतो. खाली दादा आणि वहिनी, वर मी आणि माझी बायको. दादा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटारी, पंप, पट्टे, जे फिरतं ते फिरत ठेवायचं, हे माझं काम. त्यामुळे घरातलंही जे फिरतं ते माझं, असं मी धरून चालतो. मिक्सर, कूलर, शिलाई मशीन. हे खातं मला कोणी दिलेलं नाही.

वहिनी फुलंब्रीकडच्या. लग्नाआधी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या. त्या शिक्षणाचा उपयोग पुढे बरीच वर्षं मुलांचा अभ्यास घेण्यापुरताच झाला. मुलं शिकून बाहेरगावी गेली, आणि दादांच्या ओळखीतल्या एका वकिलांना माणूस हवं होतं. खंडपीठात अपील दाखल करायचं तर खालच्या कोर्टातले मराठी कागद इंग्रजीत करून जोडावे लागतात. पंचनामे, जबाब, फेरफार, आणि कधीकधी निजामाच्या अमदानीतला एखादा कागद, ज्यात मराठी शोधावं लागतं. वहिनींनी पहिला पंचनामा हाताने लिहून दिला. वकिलांना तो आवडला. वर्षभरात वहिनींनी स्वतःच्या कमाईतून कॉम्प्युटर घेतला आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. त्या खोलीत पूर्वी दादांची आरामखुर्ची खिडकीपाशी होती. ती भिंतीकडे सरकली. दादा पेपर वाचताना दिवा लावायला लागले.

अडलेला शब्द वहिनी जिन्यातून वर विचारायच्या.

"भाऊजी, कडब्याची गंजी जळाली. गंजीला काय लिहू?"

"ढीग लिहा की."

"ढीग आपोआप होतो. गंजी रचावी लागती. ज्याची जळाली त्याला विचारा फरक."

मला इंग्रजी येत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी विचारायच्या. मला वाटतं, त्यांना उत्तर नको असायचं, कोणाला तरी शब्द ऐकवायचा असायचा.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी तो कॉम्प्युटर साफ करायला घेतला. त्यात काही बिघाड नव्हता. आमच्या रस्त्यावर वर्षभर काही ना काही खोदलेलं असतं, त्यामुळे त्याच्या डब्यात, म्हणजे सीपीयूत, धूळ बसली होती आणि पंखा थोडा आवाज करत होता, एवढंच. कारखान्यात सणाआधी सगळी मशीनं साफ करतात म्हणून हेही करावं, असं मला वाटलं. कारखान्यातला हवेचा ब्लोअर मी घरी आणला होता. धूळ उडवली. तिथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

कॉम्प्युटरचा मुख्य भाग म्हणजे प्रोसेसर. आगपेटीपेक्षाही छोटा. तो चालताना तापतो. म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि ठोकळ्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात चढते आणि पंखा ती बाहेर फेकतो. मी ठोकळा काढला. खाली वाळलेल्या चुन्यासारखा पांढरट लेप होता. मला तो घाण वाटला, म्हणून चिंधीने पुसून लखलखीत केला. मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस हिंदीत सांगत होता की हा लेप फार महत्त्वाचा आहे आणि पुसला तर नवा लावल्याशिवाय ठोकळा बसवूच नका. लेपाची ट्यूब आणायला पैठण गेटकडे जावं लागलं असतं, आणि सणाची गर्दी होती.

माझ्या पेटीत ग्रीसचा डबा होता. साधं ग्रीस नव्हतं ते. भट्टीजवळच्या बेअरिंगला लावायचं, कितीही तापलं तरी न जळणारं. मी विचार केला, उष्णतेसाठी याहून चांगलं काय असणार. व्हिडिओतला माणूस मुगाच्या दाण्याएवढं लावा म्हणत होता. मला तो कंजूस वाटला. मी बोटाने भरपूर लावलं, ठोकळा दाबून बसवला, कडेने बाहेर आलेलं पुसलं. उष्णता सोसणं वेगळं आणि उष्णता पुढे देणं वेगळं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. आयुष्य ग्रीसमध्ये गेलेल्या माणसाला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. विळी, कोयता, माझी पान्यांची पेटी, दादांची स्कूटर. वहिनींनी कॉम्प्युटरलाही हळदी-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि गुलमंडीतून आणलेली झेंडूची माळ डब्यावरून मागच्या बाजूला सोडली. दिवसभर तो बंद ठेवला. "आज त्यालाबी सुट्टी," असं म्हणाल्या.

सण झाल्यावर काम सुरू झालं आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. आधी पंखा जोरात घुमायचा, मग पडदा एकदम काळा. वहिनींचं जेवढं साठवलेलं नसेल तेवढं जायचं. मला बोलावलं. मी डब्याची बाजू उघडली, आणि पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या दोन-तीन पाकळ्या अडकल्या होत्या. तळाशी तांदळाचे दाणे होते. मी ते हातावर घेऊन दादांदेखत वहिनींपुढे धरले.

"हे बघा, वहिनी. कारखान्यात आम्हीबी माळा घालतो. पण हवा घ्यायच्या तोंडावर घालत नाही."

वहिनींचा चेहरा पडला. दादा म्हणाले, "मी म्हटलं होतं, कॉम्प्युटरला कशाला कुंकू." दादा असं काही म्हणाले नव्हते.

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. पाकळ्या काढल्या, तरी तो बंद पडतच राहिला. मग मी म्हणालो, पाकळ्यांमुळे पंख्यावर ताण आला असणार, तो हळूहळू सुधारेल. पंखे असे सुधारत नाहीत. मी इतकी वर्षं पंखे पाहतो आहे, एकही सुधारलेला पाहिला नाही. पण त्या वाक्याने सगळं जुळत होतं. आम्ही डबा दोन विटांवर ठेवला. त्याची बाजू उघडी ठेवली. दादांचा टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. ऑक्टोबरचं ऊन होतं. दादा पेपर वाचून झाला की त्याच पेपरने वारा घ्यायचे.

त्या वेळी वहिनींकडे एका जमिनीच्या अपिलाचे जाडजूड कागद होते आणि कोर्टाची तारीख जवळ आली होती. वहिनी पहाटेच्या गारव्यात टाइप करायच्या. ऊन चढलं की वहीत हाताने लिहायच्या आणि मशीन निवल्यावर ते टाइप करायच्या. एक ओळ झाली की साठवायच्या, पुढची ओळ झाली की पुन्हा. तरी काम वेळेत पुरं झालं नाही. वकिलांना तारीख वाढवून घ्यावी लागली आणि उरलेले कागद त्यांनी कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे दिले. वहिनींनी त्यांना फोनवर सांगितलं, "चूक माझीच आहे, साहेब. पूजेची फुलं गेली आत." मी तिथेच होतो. मला त्यांचं कौतुक वाटलं होतं, की बाई किती सरळ कबूल करतात.

थंडीत कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागला. मी म्हणालो, बघा, सुधारला.

मार्चमध्ये ऊन वाढलं आणि तो पुन्हा बंद पडला. वहिनी जिन्यापाशी आल्या.

"भाऊजी, आता तर मी त्याच्या अंगावर फूल सोडा, पाण्याचा थेंब उडू दिला नाय."

मी खाली आलो. कूलर त्याच्याकडे वळवून चालू केला आणि डबा उघडला. पंखा ओरडत होता. मी सवयीने ठोकळ्याला बोट लावलं. ठोकळा गार होता.

कारखान्यात मोटार तापली आणि तिचा बाहेरचा भाग गार लागला, तर काय समजायचं हे मी नव्या माणसांना शिकवतो. उष्णता आत आहे, पण बाहेर येत नाही. मध्ये काहीतरी आहे. मी मशीन बंद केलं, ठोकळा उचलला. ग्रीसमधलं तेल वेगळं होऊन खाली ओघळलं होतं, त्यावर धूळ बसून काळा चिखल झाला होता. वास ओळखीचा होता. रोज कामाला जाऊन आल्यावर माझ्या कपड्यांना येतो तोच.

वहिनी मागे उभ्या होत्या. "काय हाय?"

मी म्हणालो, "धूळ."

हा एक शब्द मी बोललो. तो बोलताना मला सगळं माहीत होतं. वहिनी चांगल्या आहेत, हसून सोडून देतील, हेही माहीत होतं. तरी मी धूळ म्हणालो, कारण पाच महिन्यांपूर्वी त्याच खोलीत मी हातावर पाकळ्या घेऊन उभा होतो.

मी ग्रीस चिंधीने काढलं, चिंधी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पैठण गेटवरून ट्यूब आणली, मुगाच्या दाण्याएवढा लेप लावला. त्यानंतर कॉम्प्युटर भर एप्रिलमध्ये दिवसभर चालला. दादा म्हणाले, "मशीनचा माणूस घरात असला की असं असतं." वहिनींनी माझ्यासाठी वर धपाटे पाठवले. ते मी खाल्ले. बायकोला वाटलं, मला बरं नाही, कारण मी दोनच खाल्ले.

तिला मी त्याच आठवड्यात सांगून टाकलं. ती भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगता?"

"कोणाला तरी सांगावं म्हणून."

"कोणाला तरी म्हणजे मला व्हय? जिना आहे घराला. खाली जातो तो."

मी गेलो नाही. आता चालतो आहे ना, मग उगाच कशाला, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पण चालत होता तो कॉम्प्युटर. वहिनींचं तसं नव्हतं. त्या आता त्याला हात लावायला बिचकायच्या. डबा पुसायचा तर मला हाक. एखादी वायर हलली तर मला हाक. टाइप करताना पंख्याचा आवाज जरा बदलला की हात उचलून बसायच्या, कोणाची झोप मोडू नये तसं. जिन्यातून शब्द विचारणं बंद झालं होतं. माहेरच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत सगळ्यांना सांगितलं, "आमच्या भाऊजींनी वाचवला हो, नाय तर मी त्याला हळदी-कुंकवानंच मारला होता." सगळे हसले. मीही हसलो.

मे महिन्यात एका संध्याकाळी डबा पुसायला म्हणून मी खाली आलो. वहिनी फोनवर बोलत होत्या. दादा पेपरमागे होते.

"नाय साहेब. तिघांचं काम नियमित घेणं मला व्हायचं नाय... तुमचा विश्वास आहे हो. पण माझ्यामुळं एकदा तुमची तारीख गेली... मशीन टिकत नाय माझ्या हातात. टायपिंगवाल्यालाच द्या तुम्ही... हां, सांगते उद्या. पण उद्याबी हेच सांगीन."

त्यांनी फोन ठेवला. मी विचारलं, काय झालं. दादांनीच सांगितलं. वकिलांच्या ऑफिसात आणखी दोन वकील आले होते, आणि तिघांचं सगळं भाषांतर ते वहिनींना कायमचं देणार होते. वहिनी नको म्हणत होत्या.

"घ्या की काम," मी म्हणालो.

"जे आपल्याच्यानं होत नाय ते घेऊ नये. या चार फायली संपल्या की बंदच करणार आहे मी. तुम्ही तरी किती वेळा यायचं खाली."

माझ्या हातात फडकं होतं. मी ते घडी करून टेबलावर ठेवलं.

"वहिनी, तुमच्या फुलांनी काही झालं नव्हतं."

"कशाच्या फुलांनी?"

"दसऱ्याच्या. मी ग्रीस भरलं होतं."

दादांनी पेपर खाली केला. "कसलं ग्रीस?"

"बेअरिंगचं."

"कॉम्प्युटरला बेअरिंग असतं का?"

"पंख्याला असतं."

"मग पंख्याला लावलंस?"

"नाही."

दादांनी पेपर पूर्ण मिटला. मी सगळं सांगितलं. पांढरा लेप, व्हिडिओ, मुगाचा दाणा, ठोकळा. उष्णता कशी अडते तेही सांगितलं, जरा जास्तच. ते सांगणं सोपं होतं. वहिनी ऐकत होत्या, शेवटी म्हणाल्या, "हे तुम्हाला कळलं कधी?"

"मार्चमध्ये. ठोकळा गार लागला तेव्हा."

"आणि मला तुम्ही धूळ म्हणालात."

"व्हय."

"लग्नात मी पंगतीत सांगत होते, तेव्हा तुम्ही शेजारीच होतात."

"व्हय."

"जिलेबी मागून घेतली होती तुम्ही."

मी मान हलवली. दादांना हसू येत होतं, पण वहिनी हसत नव्हत्या, म्हणून त्यांनी पेपर पुन्हा उघडला. वहिनींनी फोन उचलला आणि नंबर लावला.

"साहेब, दसऱ्याच्या त्या कामाबद्दल आमचे दीर बोलणार आहेत." आणि फोन माझ्याकडे दिला.

मी वकिलांशी कधीच बोललो नव्हतो. मी म्हणालो, "साहेब, तुमची तारीख गेली ती वहिनींमुळे नाही गेली. मशीनमध्ये मी चुकीची वस्तू घातली होती. नाव त्यांचं झालं. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही. तुमची माफी मागतो."

वकील म्हणाले, "ठीक आहे. आता मॅडम काम घेणार का, तेवढं सांगा."

मी हो म्हणणार होतो. वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला. "त्यांचं काय ऐकता, साहेब. मी सांगते ना. घेते मी काम. तिघांचंबी." आणखी दोन वाक्यं कागद कधी पाठवणार याबद्दल झाली, मग फोन ठेवला.

वहिनी खुर्चीवर बसल्या. डबा चालूच होता, पंखा हळू फिरत होता. त्यांनी पदराने डब्यावरची धूळ पुसली, माझं फडकं तसंच टेबलावर पडलेलं होतं. मला वाटलं, झालं. मी जिन्याकडे वळलो.

"भाऊजी."

मी थांबलो.

"वकिलांचं झालं. माझं राहिलंय."

दादा म्हणाले, "अगं, सांगितलं की त्यानं."

"त्यांनी ग्रीसचं सांगितलं. मी ग्रीसचं विचारत नाय."

मी परत फिरलो. कारखान्यात माझ्याकडून चूक झाली की मी लिहून देतो, सही करतो, साहेब वाचतात. समोर उभं राहून बोलायची सवय नाही. वहिनींनी घाई केली नाही. कूलर बंद होता आणि खोलीत चांगलंच उकडत होतं.

"वहिनी, ग्रीस मी चुकून भरलं," मी म्हणालो. "पण धूळ मी चुकून म्हणालो नाही. तुम्ही मागे उभ्या होतात, आणि मला स्वतःला लहान व्हायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला लहान राहू दिलं. तुम्ही काम सोडायच्या गोष्टी करायला लागलात, तोवर थांबलो. माझं चुकलं. मला माफ करा."